बाणामागचा पुरावा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बायोकेमिस्ट्री घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे प्रथिने आणि चयापचय हे दोन जाडजूड विषय येतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही येतो: हे सगळे शिकायचे कसे, आणि मुळात किती शिकायचे? शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडण्याची रीत आहे. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल इतक्या ताकदीने मांडायचे आणि मगच उत्तराला हात घालायचा. इथे तीच रीत पाळली आहे. पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की या अभ्यासक्रमाचा मोठा भाग आता लक्षात ठेवण्याची आणि वर्गात शिकवण्याचीही गरज उरलेली नाही. उत्तरपक्ष माझा आहे. प्रथिने आणि चयापचय हा एकच विषय आहे, तो पुराव्यासकट शिकायला हवा आणि त्याचा गाभा डोक्यात असायला हवा, असे मला वाटते.

पूर्वपक्ष: तुमच्या अभ्यासक्रमाकडे जरा त्रयस्थपणे पाहा. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, सायट्रिक अ‍ॅसिड चक्राच्या आठ, मग युरिया चक्र, फॅटी अ‍ॅसिडचे ऑक्सिडेशन, पेन्टोज फॉस्फेट मार्ग, प्युरिनची घडण. विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री नावे आणि बाण घोकतो, सकाळी उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि निकाल लागेपर्यंत विसरून जातो. लीड्स विद्यापीठातल्या डोनाल्ड निकोल्सन यांनी १९५५ साली चयापचयाचा मोठा तक्ता काढला. पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर गेला, आणि त्या काळी त्याला अर्थ होता. १९९५पासून जपानमधला केग हा माहितीसाठा तेच काम कितीतरी अधिक तपशिलाने करतो. प्रथिनांचे तर विचारूच नका. २०२०च्या प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या स्पर्धेत अल्फाफोल्ड या संगणकीय साधनाने बाजी मारली, २०२२पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांना खुले झाले आणि २०२४ला त्याच्या कर्त्यांना नोबेलही मिळाले. जे क्षणात समोर येते ते डोक्यात साठवण्याचा अट्टहास कशासाठी?

उत्तरपक्ष: घोकंपट्टीबद्दलची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. तुम्ही काढलेला निष्कर्ष मात्र तिच्यातून निघत नाही. केगमध्ये उत्तरे आहेत, प्रश्न कुणाच्या तरी डोक्यात उठावा लागतो. बिहारमधल्या मुजफ्फरपूरचे उदाहरण घ्या. १९९५पासून तिथे उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुमारास, लहान मुलांमध्ये एक जीवघेणा आजार दिसत आला. संध्याकाळपर्यंत खेळणाऱ्या मुलाला पहाटे झटके येत आणि ते बेशुद्ध पडे. लोक त्याला चमकी बुखार म्हणत. बरीच वर्षे शोध प्रामुख्याने मेंदूज्वराच्या विषाणूचा चालला होता. पण पहाटेच का? लिचीच्या हंगामातच का? रात्री न जेवलेल्या मुलांनाच जास्त का? हे तीन प्रश्न एकत्र आले की चयापचय जाणणाऱ्याच्या मनात एक चित्र उभे राहते. लहान मुलाच्या यकृतातला ग्लायकोजेनचा साठा मुळातच थोडा, उपाशी रात्रीत तो संपत येतो. त्यानंतर यकृत लॅक्टेट, अमिनो आम्ले आणि ग्लिसरॉल यांच्यापासून नवे ग्लुकोज बनवते. पायरुवेटपासून ग्लुकोजचा एक रेणू बनवायला एटीपी आणि जीटीपी मिळून सहा रेणू खर्ची पडतात, आणि ही ऊर्जा मुख्यतः चरबी जाळून येते. चरबी जाळताना तयार होणाऱ्या अ‍ॅसिटिल को-एशिवाय या मार्गाच्या दारावरचे पायरुवेट कार्बॉक्सिलेज नीट कामाला लागत नाही. म्हणजे कशाने तरी चरबीचे ज्वलन अडले तर रक्तातली साखर कोसळणार, आणि मेंदूला पर्यायी इंधन म्हणून लागणारे कीटोनही मिळणार नाहीत.

असा अडथळा आणणारा पदार्थ विज्ञानाला आधीच माहीत होता. जमैकात कच्चे आकी फळ खाल्ल्याने होणाऱ्या आजारामागे हायपोग्लायसिन असल्याचे १९५०च्या दशकातच कळले होते. आकी, लिची आणि आपला रिठा ही एकाच कुळातली झाडे. टी. जेकब जॉन आणि मुकुल दास यांनी लिचीतल्या अशाच द्रव्याकडे बोट दाखवले. भारताचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचे सीडीसी यांनी २०१४च्या साथीची तपासणी केली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्या हंगामात दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ दगावली होती. साखर मोजलेल्या ३२७ मुलांपैकी २०४ जणांची साखर ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. तपासलेल्या ७३ आजारी मुलांपैकी ४८ जणांच्या लघवीत या विषद्रव्यांचे अवशेष सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या १५ मुलांपैकी एकाच्याही नाही. शिफारशी साध्या होत्या: मुलांना लिची कमी द्या, रात्री उपाशी झोपवू नका, आणि झटके येताच रक्तातली साखर तपासून ग्लुकोज द्या. हे सगळे ज्ञान छापील होते, वेगवेगळ्या ग्रंथांत विखुरलेले होते. ते जोडणारा दुवा कुठल्याही माहितीसाठ्यात तयार पडलेला नव्हता.

पूर्वपक्ष: उदाहरण जोरदार आहे, पण ते तुमच्या बाजूने पुरेसे बोलत नाही. तिथे काम केले ते साथरोगतज्ज्ञांनी, विषशास्त्रज्ञांनी आणि महागड्या यंत्रांनी. ग्लायकोलिसिसची पाचवी पायरी कुठले एन्झाइम घडवते हे पाठ असल्याने त्यातले काहीही सुटले नाही. लागली ती ढोबळ समज: उपाशी शरीर चरबी जाळते आणि यकृत साखर बनवते. एवढे तर चांगल्या बारावीच्या पुस्तकात मावेल. मग पदवीच्या शेवटच्या वर्षी दहा-दहा पायऱ्यांची उतरंड कशाला?

उत्तरपक्ष: ढोबळ समजेने गोष्ट अर्ध्यावर थांबते. 'उपाशी शरीर चरबी जाळते' एवढेच ठाऊक असलेला माणूस म्हणेल, मग काय बिघडले, साखर कमी झाली तर चरबी आहेच. चरबीचे ज्वलन अडले तर ग्लुकोजची घडणही अडते, हा उलटा धागा दिसायला दोन मार्ग एकमेकांना नेमके कुठे भेटतात ते ठाऊक हवे. तो सांधा म्हणजे अ‍ॅसिटिल को-ए आणि पायरुवेट कार्बॉक्सिलेज. तरीही तुमच्या आक्षेपातला खरा भाग मी घेतो. प्युरिनच्या घडणीतल्या प्रत्येक मधल्या रेणूची रचना, प्रत्येक एन्झाइमचे पूर्ण नाव, हे पुस्तक उघडे ठेवून पाहायला हरकत नाही, आणि परीक्षेत त्यावर गुण देणे थांबवायलाही हरकत नाही. डोक्यात असायलाच हवे ते वेगळे: कुठल्या पायऱ्या व्यवहारात माघारी फिरत नाहीत, एनएडीएच आणि एफएडीएच२ कुठे बाहेर पडतात, कुठली क्रिया मायटोकाँड्रियात आणि कुठली बाहेर, कुठल्या रेणूवर दोन-तीन मार्ग फुटतात, आणि जेवल्यावर व उपाशीपणी कुठला नळ चालू, कुठला बंद. पाढे पाठ असलेल्या मुलाला गणिताचा विचार करायला डोके मोकळे मिळते; पाढे न येणाऱ्याची सगळी शक्ती सात आठे किती यातच जाते. विचार करताना एकाच वेळी मनात धरता येतील अशा गोष्टी थोड्याच असतात, आणि सांधे पाठ असले तर ती जागा प्रश्नासाठी उरते.

पूर्वपक्ष: सांधे शिकवा, मान्य. मग ते आजच्या ज्ञानानुसार सरळ सांगा. तुम्ही मात्र पुराव्याचा आग्रह धरता, म्हणजे कुणी कुठल्या साली कबुतराच्या स्नायूवर काय केले, मग कुणाचा निबंध कुणी परत पाठवला. हा इतिहास रंजक असेल, पण चार क्रेडिटच्या पेपरला साधारण साठ तासिका मिळतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वाफेचे इंजिन कसे शोधले गेले हे शिकवून कुणी पूल बांधायला पाठवत नाही.

उत्तरपक्ष: सनावळ्या मलाही नकोत. पण पाथवेतला प्रत्येक बाण हे कुणीतरी केलेले विधान आहे आणि ते कशावरून केले हे न कळता तो बाण शिकणे म्हणजे निकाल वाचून खटला समजल्याचे मानणे. हान्स क्रेब्स आणि विल्यम जॉन्सन यांनी १९३७ साली शेफील्डला काय केले ते पाहा. कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा ऑक्सिजन घेतो. त्यात थोडेसे सायट्रेट घातले की ऑक्सिजनचा वापर वाढतो, आणि ती वाढ घातलेल्या सायट्रेटच्या ज्वलनाने होणाऱ्या वाढीपेक्षा जास्त असते. म्हणजे सायट्रेट इंधनासारखे संपून जात नाही, ते पुन्हा पुन्हा कामाला येते. मग मॅलोनेट घाला. ते सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमला अडवते आणि सक्सिनेट साचते. आता या अडवलेल्या स्नायूला ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट द्या. तरीही सक्सिनेट साचते. ते आले कुठून? ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटपासून मॅलेट आणि फ्युमरेटमार्गे उलटे जावे, तर वाटेत तेच अडवलेले एन्झाइम. उरते एकच वाट, सायट्रेटकडून फिरून येणारी. मार्ग वर्तुळाकार आहे हे या तर्कातून निघते. हे समजावून सांगायला वीस मिनिटे लागतात, आणि ते समजलेला विद्यार्थी आठ पायऱ्या क्रमाने आठवू शकतो, कारण आता त्या क्रमाला कारण आहे. तुम्ही वेळेचा हिशेब काढलात म्हणून सांगतो, पुराव्यासह शिकलेला मार्ग पुन्हा पुन्हा शिकावा लागत नाही.

तुमचे वाफेचे इंजिन इथे लागू पडत नाही याला आणखी एक कारण आहे. १९४१च्या सुमाराला कार्बनच्या समस्थानिकांनी हे चक्र तपासण्याचे प्रयोग झाले. खूण केलेला कार्बन डायऑक्साइड ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटमध्ये शिरतो, तिथून सायट्रेटमध्ये यावा. सायट्रेटची दोन टोके सारखी, तेव्हा पुढे तयार होणाऱ्या अल्फा-कीटोग्लुटारेटमध्ये खूण दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी वाटली जावी, असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ती एकाच टोकाला सापडली. निष्कर्ष निघाला की सायट्रेट या चक्रात नाहीच. आकडे बरोबर, मोजणी बरोबर, अर्थ चूक. आणि ही चूक सात वर्षे टिकली. १९४८ साली ऑक्सफर्डच्या ए. जी. ऑगस्टन यांनी दाखवले, की एन्झाइम हे स्वतः असमान घडणीचे प्रथिन आहे. त्याने रेणूला तीन ठिकाणी धरले तर दिसायला सारखी असलेली दोन टोकेही त्याला वेगळी ओळखता येतात. एका छोट्या टिपणाने सायट्रेट चक्रात परत आले. चयापचयाचा पुरावा वाचताना जे प्रथिनाला विसरले त्यांच्याकडून ही चूक झाली, आणि ते सगळे कसलेले शास्त्रज्ञ होते. प्रथिने एका पेपरात आणि चयापचय दुसऱ्यात, मध्ये भिंत, अशी विभागणी करणाऱ्या अभ्यासक्रमाने हा प्रसंग डोळ्यापुढे ठेवावा. उत्तरे बदलतात, हाही धडा त्यातच आहे. एका ग्लुकोजपासून ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले; आता पुस्तके ३० किंवा ३२ म्हणतात. आकडा पाठ करणाऱ्याला हा नुसता बदललेला आकडा आहे. पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडलेली प्रोटॉनच्या दाबाची कल्पना ज्याला समजली, त्याला पूर्णांकांचा आग्रह का सुटला ते कळते: प्रोटॉन पंप होतात, त्यातले काही फॉस्फेट आणि एडीपी आत आणण्यात खर्च होतात, आणि भागाकार नेमका सुटेलच असे नाही.

पूर्वपक्ष: चयापचयापुरते तुम्ही मला थोडे हलवलेत. पण प्रथिनांच्या रचनेचा भाग आता खरोखर सुटलेला प्रश्न आहे. अमिनो आम्लांचा क्रम द्या, संगणक आकार देतो. रामचंद्रन आलेख, अनफिन्सेनचे रायबोन्यूक्लिएज, हिमोग्लोबिनचे वक्र, यांवर महिनाभर घालवण्यापेक्षा विद्यार्थ्याला ती साधने वापरायला शिकवा.

उत्तरपक्ष: साधने शिकवाच. पण संगणकाने दिलेला आकार विश्वासार्ह आहे का हे तपासताना आजही जो आलेख काढला जातो तो जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मद्रास विद्यापीठातून १९६३ साली मांडलेलाच. त्यांच्यापुढे प्रथिनांच्या रचनांचे भांडार नव्हते. जेमतेम एक-दोन प्रथिने तपशिलात उलगडली होती. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, एवढ्या मर्यादेवरून त्यांनी साखळीच्या प्रत्येक सांध्याचे कुठले दोन कोन शक्य आणि कुठले अशक्य हे काढले. हा युक्तिवाद समजला की अल्फा हेलिक्स आणि बीटा पट्टी ही नावे पाठ करावी लागत नाहीत, त्या आलेखावर त्यांची जागा दिसते. अनफिन्सेन यांच्या प्रयोगाचेही तसेच. १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएजमधले आठ सिस्टीन चार जोड्यांत बांधायचे तर १०५ तऱ्हा होतात. उलगडलेले प्रथिन मोकळे सोडले की ते त्यातली बरोबर एकच तऱ्हा गाठते आणि पुन्हा कामाला लागते. क्रमात आकार दडलेला आहे हे गृहीत इथे सिद्ध झाले, आणि अल्फाफोल्ड उभे आहे ते याच गृहीतावर, शिवाय प्रयोगशाळांनी दशकानुदशके उलगडलेल्या रचनांच्या भांडारावर. त्या साधनाला मर्यादाही आहेत. एका अमिनो आम्लाच्या बदलाने काय बिघडेल हे सांगण्यासाठी ते पारखून घेतलेले नाही. आणि ते बहुधा प्रथिनाचे एक स्थिर रूप दाखवते; हिमोग्लोबिनसारखे प्रथिन मात्र दोन रूपांत फिरण्यावरच जगते.

हिमोग्लोबिनवर थोडे थांबतो, कारण दोन विषयांमधली भिंत कशी खोटी आहे हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया नाहीत, तिची सगळी ऊर्जा ग्लायकोलिसिसची. या मार्गाच्या मध्यावरून एक फाटा निघतो आणि २,३-बायफॉस्फोग्लिसरेट, म्हणजे बीपीजी, हा रेणू तयार होतो. तो हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन सोडलेल्या रूपाच्या मधल्या फटीत बसतो आणि ते रूप टिकवतो, त्यामुळे ऊतींमध्ये ऑक्सिजन सुटणे सोपे होते. आता समजा एखाद्याला जन्मतः हेक्झोकायनेजची कमतरता आहे. ही ग्लायकोलिसिसची पहिली पायरी. पुढचे सगळे रेणू कमी, बीपीजीही कमी, हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसणार. दुसऱ्याला पायरुवेट कायनेजची कमतरता आहे. ही शेवटची पायरी. वरचे रेणू तुंबतात, बीपीजी वाढते, ऑक्सिजन सहज सुटतो. दोघांनाही रक्तक्षय होतो, पण त्याच हिमोग्लोबिन-पातळीला दुसरा माणूस पहिल्यापेक्षा बरा राहतो. हे उत्तर ना प्रथिनांच्या पेपरात आहे, ना चयापचयाच्या. ते दोन्ही एकत्र शिकलेल्याच्या डोक्यात आहे.

याच धाग्याचे दुसरे टोक महाराष्ट्रात येते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल हा रोजचा आजार आहे. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली तो हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका एका अमिनो आम्लाचा असल्याचे उलगडले: बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. हे व्हॅलिन रेणूच्या पृष्ठभागावर येते आणि ऑक्सिजन सुटलेल्या रूपात शेजारच्या रेणूच्या तेलकट खळगीत अडकते. साखळ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणजे ऑक्सिजन सुटलेले रूप टिकवणारा बीपीजी इथे वैरी ठरतो. मग पायरुवेट कायनेज अधिक जोमाने चालवले तर? बीपीजी घटेल, एटीपी वाढेल, वाकणे कमी होईल. मिटापिव्हॅट हे औषध हेच करते. पायरुवेट कायनेजच्या कमतरतेसाठी अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली, आणि सिकलसेलसाठीही त्याच्या चाचण्या झाल्या. चाचण्यांचा शेवट काहीही होवो, कल्पना कुठून आली ते पाहा: ग्लायकोलिसिसच्या दहाव्या पायरीचा आणि हिमोग्लोबिनच्या घडीचा संबंध एका डोक्यात असल्यामुळे.

पूर्वपक्ष: ही सगळी संशोधकांची उदाहरणे. आपल्याकडचे बहुतेक पदवीधर संशोधक होत नाहीत. पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या बायोफार्मा कंपन्यांना प्रथिन शुद्ध करणारा, क्रोमॅटोग्राफीचे यंत्र चालवणारा, नोंदी नीट ठेवणारा माणूस हवा असतो. तुमच्या साठ तासिकांपैकी तीस प्रयोगशाळेतल्या कौशल्याला द्या, मुलांना नोकरी तरी मिळेल.

उत्तरपक्ष: नोकरीचा मुद्दा हलका समजू नये, आणि प्रयोगशाळेला जास्त तास मिळावेत हेही खरे. पण त्या कंपनीच्या टाकीत काय चालते ते पाहू. हॅम्स्टरच्या अंडाशयापासून आलेल्या पेशींकडून प्रतिपिंडे बनवून घेतात. त्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टेट करतात, ग्लुटामिनपासून अमोनिया सोडतात, आणि दोन्ही साचले की वाढ आणि उत्पादन दोन्ही खालावतात. ग्लुकोज केव्हा, किती द्यायचे हा निर्णय चयापचयाचा. पुढे तेच प्रतिपिंड स्तंभावर शुद्ध करताना कुठल्या पीएचला ते चिकटेल आणि कुठल्या पीएचला सुटेल, हा निर्णय प्रथिनाच्या भाराचा. यंत्र चालवायला महिन्याभराचे प्रशिक्षण पुरते. बॅच बिघडली तर का बिघडली हे सांगणाऱ्याला हा विषय यावा लागतो, आणि बढती त्यालाच मिळते. कौशल्य आणि समज यांना एकमेकांसमोर उभे करणे हीच मला चूक वाटते. आपल्या प्रात्यक्षिकांत फॉस्फेट मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत असते. विद्यार्थी निळ्या रंगाची तीव्रता मोजतो, आलेख काढतो, वही सही करून घेतो. सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ती १९२५ साली दिली, तेव्हा स्नायूच्या अर्कात रंग यायला नेहमीपेक्षा उशीर लागतो हे त्यांच्या लक्षात आले. हात चुकला असे म्हणून त्यांनी ते सोडले नाही. त्या उशिरामागे सहज तुटणारे एक फॉस्फेट-संयुग होते, आणि १९२७ साली फॉस्फोक्रिएटिन हाती आले. हाच प्रयोग आपण रंग मोजण्याच्या सरावापुरता उरवला आहे. त्याच तासात 'रंग उशिरा आला तर काय समजाल?' हा एक प्रश्न जोडला तर कौशल्याचे मिनिटही कमी होत नाही.

मूलभूत अभ्यास आणि समाजाचा उपयोग यांचे भांडण लावणाऱ्यांना कमला सोहोनी यांचे नाव आठवावे. दुर्गाबाई भागवतांच्या या बहिणीने केम्ब्रिजला वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. बटाट्याच्या पेशीतही श्वसनाची साखळी प्राण्यांसारखीच चालते, हा शोध त्या काळी कुठल्या कंपनीच्या कामाचा नव्हता. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळींची प्रथिने आणि नीरा यांचा अभ्यास केला, गरिबांच्या पोषणासाठी. पहिल्या कामाची शिस्त दुसऱ्या कामाला उपयोगी पडली नसेल असे मानणे कठीण आहे.

पूर्वपक्ष: आता माझा शेवटचा आक्षेप, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नसावे असे मला वाटते. परीक्षा. शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग, विद्यापीठाची ठरलेली प्रश्नपत्रिका, तपासायला दोन शिक्षक, पुढे आयआयटीची जॅम आणि नेट. पुराव्यावर विचार करायला लावणारे प्रश्न तपासायला वेळ लागतो आणि गुणांवरून तंटे होतात. 'टीसीए चक्र आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न टिकून आहे तो शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे; तो झटपट आणि निःपक्षपातीपणे तपासता येतो म्हणून.

उत्तरपक्ष: हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि एका शिक्षकाच्या हाती त्याचे पूर्ण उत्तर नाही. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बदलेपर्यंत विद्यार्थी ती पाहूनच अभ्यास करणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. तरी दोन गोष्टी करता येतात. जॅम आणि नेटच्या प्रश्नांत आकृती काढायला सांगत नाहीत. अवरोधक घातला तर काय साचेल, वक्र कुठे सरकेल, खूण कुठल्या कार्बनवर जाईल, असेही विचारतात. त्यामुळे इथे सुचवलेला अभ्यास स्पर्धापरीक्षेच्या विरोधात जात नाही. दुसरे, विचाराचा प्रश्न आटोपशीरही करता येतो. 'मॅलोनेटने अडवलेल्या स्नायूला ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट दिल्यावर सक्सिनेट साचले. मार्ग सरळ रेषेत असता तर हे शक्य होते का? तीन ओळींत कारण द्या.' या प्रश्नाचे उत्तर तपासायला आकृतीपेक्षा कमी वेळ लागतो, कारण त्यात एकच गोष्ट पाहायची असते: अडवलेल्या एन्झाइमचा उल्लेख आहे की नाही. महाविद्यालयाच्या हातातल्या अंतर्गत गुणांत असे पाच-सहा प्रश्न आजही बसतात. आकृतीचा प्रश्न पूर्ण काढून टाका, असे मी म्हणत नाही. त्याच्याशेजारी याला जागा द्या, म्हणजे चक्र पाठ केलेल्याला थोडे आणि चक्र समजलेल्याला पुरे गुण मिळतील.

दोन्ही पक्षांचे म्हणणे इथवर आल्यावर हिशेब असा राहतो. पूर्वपक्षाने तीन गोष्टी मिळवल्या: रेणूंच्या रचनांची सरसकट घोकंपट्टी बंद व्हावी, संगणकीय साधने वर्गात यावीत आणि प्रात्यक्षिकांना वेळ वाढवून मिळावा. उत्तरपक्षाचा आग्रह त्यानंतरही उभा आहे, की मार्गांचे सांधे आणि नियंत्रणाच्या जागा डोक्यातच असाव्यात, महत्त्वाच्या बाणांचा पुरावा वर्गात उलगडला जावा आणि प्रथिने व चयापचय एकमेकांच्या भाषेत शिकवले जावेत. मतभेद उरतो तो प्रमाणाचा. साठ तासिकांत किती पुरावे बसतील? पूर्वपक्ष म्हणेल तीन, मी म्हणेन दहा. सायट्रिक अ‍ॅसिड चक्र, युरिया चक्र, प्रोटॉनचा दाब, रामचंद्रन आलेख, अनफिन्सेन, हिमोग्लोबिन आणि बीपीजी, सिकलसेल, लिची, ही यादीच आठावर जाते, आणि यातले कुठले वगळावे हे कुणी सुचवले तर त्याने वगळण्याचे कारण द्यावे. तीन आणि दहा यांच्यातले अंतर वादाने मिटणारे नाही. एखाद्या महाविद्यालयाने दोन सलग वर्षे दोन्ही प्रमाणांनी शिकवावे, शेवटी दोन्ही तुकड्यांना पुस्तकात नसलेला एकच प्रश्न घालावा आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात. पुराव्याचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःच्या अध्यापनाबाबतही तोच आग्रह धरायला हवा, आणि निकाल तीनच्या बाजूने लागला तर यादी छोटी करायला हवी.